अक्का, दार मी उघडलं

अक्का, आज सकाळी तुमची खोली धुतली. तुम्ही शिकवलंत तशीच. आधी खिडक्या उघडल्या, चादरी आणि अभ्रे लायसॉलच्या बादलीत बुडवले, गादी मागच्या अंगणात उन्हाला टाकली, मग हात पोहोचेल तिथपर्यंत भिंती पुसून घेतल्या. सखूबाई आया फरशी घासत होती आणि मधूनमधून नाक ओढत होती. मी तिला म्हटलं, "पदराला नाक पुसू नका, आधी हात धुवा." म्हटलं आणि माझी मीच दचकले, कारण आवाज माझा होता आणि बोलणं तुमचं. सखूबाईनं वर पाहिलं, तिला हसू आलं, आणि मग दोघी तिथेच बादलीशेजारी बसून रडलो. काम थोडा वेळ थांबलं. तुम्ही असता तर थांबू दिलं नसतं.

तुम्ही कुठे शिकलात, कधी नोकरीला लागलात, हे काल दफनाच्या वेळी कुणीतरी वाचून दाखवलं. त्यात तुम्ही मला कुठेच सापडल्या नाहीत. 'सेवेची मूर्ती' म्हणाले तुम्हाला. बोलणाऱ्या गृहस्थांना तुम्ही कधी व्हरांड्यातून हाकललं नसावं. मी मात्र तुमची बोलणी पोटभर खाल्ली आहेत. मूर्ती अशी तोंड सोडत नाही.

आठवतं का, मी या मागच्या वॉर्डात पहिल्यांदा आले ते रडतच आले होते. काष्टी गावची मी, शेतकऱ्याची पोर, नर्सिंग संपवून नगरला आले तर नशिबी हा सांसर्गिक रोगांचा वॉर्ड. हॉस्पिटलच्या पाठीमागे दोन-चार खोल्या, एक लांब व्हरांडा, आणि लोक म्हणायचे, तिकडे गेलेला परत येत नाही. तुम्ही माझ्या डोळ्यांकडे पाहिलंत आणि म्हणालात, "रडून झालं की हात धू. तोंडही धू. मग तुला एक गोष्ट दाखवते." आणि तुम्ही मला खिडकीशी नेलंत. आत एक लहान पोरगी खाटेवर बसली होती. तुम्ही उघड्या चेहऱ्यानं खिडकीत उभ्या राहिलात, तिला तुमचं नाव सांगितलंत, दात दाखवून हसलात, आणि म्हणालात, "आता मी तोंडाला फडकं बांधून आत येणार आहे. बांधलं तरी मीच आहे बरं का. घाबरायचं नाही." मग अंगावर एप्रन, तोंडाला जाळीच्या कापडाचा चौपदरी मास्क, कोपरापर्यंत हात धुतलेत आणि आत गेलात. पोरगी रडली नाही. मला वाटलं होतं, तुम्ही मला इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवाल.

तुमची सगळ्यात मोठी लढाई जंतूंशी नव्हतीच, ती पाहुण्यांशी होती. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर पुढे लग्नकार्यात बोलणी ऐकावी लागतात. त्यामुळे एक पेशंट आला की मागोमाग सगळी भावकी. भाकरी, ठेचा, कुणा देवाचा अंगारा, आणि प्रत्येकाला आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवायचाच असायचा. तुम्ही दारात चौकटीला दोन्हीकडे हात लावून उभ्या. "बघायचंय ना? खिडकी आहे. बोलायचंय? खिडकी आहे. दार रोगाला लावलंय, तुमच्या माणसाला नाही." लोक जाताना म्हणत, "बाई लई कडक हाय." तुम्हाला ते ऐकायला आवडायचं, हे मला माहीत आहे. घरीसुद्धा तुम्ही तशाच. तुमच्याकडे पाहुणा आला की आधी हात धुवायला लावायच्या आणि मग कसा आहेस विचारायच्या. मी चिडवलं की म्हणायच्या, "तुला काय, तुझं लग्न झालं की कळेल." लग्नाचा आणि हात धुण्याचा काय संबंध, ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

मिरजगावकडच्या त्या म्हातारीचा किस्सा मी जन्मभर सांगत राहणार आहे. दुष्काळाची कामं सुरू झाली होती, खडी फोडायला आलेली माणसं दाटीवाटीनं पालांत राहत होती, आणि तिथून घटसर्पाची पोरं यायला लागली होती. तिची नात पारू अशीच आली. घशात पांढरा पापुद्रा, मान सुजलेली, श्वास घेताना छाती आत ओढली जायची. आई-बाप खडीवर, म्हणून आजी सोबत. ती व्हरांड्यात बसून आपल्याला न्याहाळायची. आपण चपला बाहेर काढतो, अंगावर दुसरं कापड घालतो, आत जाताना कुणाला लागू देत नाही, बाहेर आलो की पुन्हा धुतो. म्हातारीनं सगळं नीट पाहिलं आणि तिचं तिनं ठरवलं. एका दुपारी नळाखाली अंगावरून पाणी घेतलं, आणि तसंच ओलंकच्च लुगडं निथळत ती सरळ आत गेली. आपण पोहोचेपर्यंत पारू तिच्या मांडीवर होती आणि ती तिला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होती. पोरीचं तोंड पदरानं पुसलंही होतं.

तुम्ही ओरडलात. म्हातारी जराही हलली नाही. "वरडू नका बाई," ती म्हणाली. "मी काय तशीच न्हाई आले. अंगावरून पानी घेतलंय, वलं लुगडं हाय. सोवळ्यानं आले. तुमी बी तसंच तर करता."

 मी मास्कच्या आत हसत होते आणि तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी भिंतीकडे तोंड केलं. मग तुम्ही कामाला लागलात. म्हातारीच्या घशाचा नमुना तपासायला गेला, लुगडं उकळायला गेलं, आणि निकाल येईपर्यंत तिला शेजारच्या रिकाम्या खोलीत ठेवून घेतलंत, कारण पालावर तिची धाकटी नातवंडं होती. तिनं फार कांगावा केला. नातीला भरवलं म्हणून मला कोंडली, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तुम्ही मात्र रोज तिच्या खिडकीशी स्टूल टाकून बसायच्या, तिचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घ्यायच्या, गावाकडे झाडपाल्यावर जगवलेल्या जनावरांची चौकशी करायच्या. पारू बरी झाली, म्हातारीला काही झालं नाही. निघताना तिनं तुमच्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आणि तुम्ही तिला विचारलंत, हात धुतले होते का.

त्याच संध्याकाळी आपला वाद सुरू झाला. चहा घेऊन आपण पायरीवर बसलो होतो. मी म्हटलं, "अक्का, तिचं तसं चुकलं काय? अर्धं तर तिला आपोआप कळलं. आपण इतकं घसा फोडून सांगतो ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उद्यापासून सरळ सांगू या, हे सोवळं आहे, आत शिवायचं नाही. एका शब्दात काम होईल." मला वाटलं, तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही कप खाली ठेवलात. "हा शब्द माझ्या वॉर्डात नको," म्हणालात.

मी वाद घालणारच. शब्दाला काय काटे असतात, म्हटलं. पोरांचा जीव वाचत असेल तर कुठला का शब्द असेना. तुम्ही शांतपणे म्हणालात, "विमल, सोवळं म्हटलं की तुला तुझ्या आजीचं देवघर आठवतं. मी तो शब्द बाहेरच्या बाजूनं ऐकलाय." मग पुढे म्हणालात, "या पोरांच्या घशात घाण आहे. औषधानं जाते. ती गेली की संपलं. पण एकदा का मी लोकांना सांगितलं की हिला शिवायचं नाही, तर ही बरी होऊन गावाला गेल्यावरसुद्धा तिला शिवणार नाहीत. तिच्या हातचं पाणी पिणार नाहीत. तो रोग मी कशानं बरा करू?"

तरी मी मागे हटले नाही. तुम्ही पाच मिनिटं समजावता ते दारापर्यंत जाईस्तोवर विसरतात, माझा एक शब्द घरापर्यंत लक्षात ठेवतील, असं म्हटलं. तुम्ही म्हणालात, म्हणूनच नको. चहा गार झाला. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक पेशंटमागे हा वाद व्हायचा. कुणी ऐकलं नाही की मी तुमच्याकडे भुवया उंचावून पाहायची, कुणी ऐकलं की तुम्ही माझ्याकडे. आणि त्याचंच एक पिल्लू, निदान एका माणसाला तरी आत सोडा, असं माझं म्हणणं. एप्रन घालून, हात धुवून, आईला किंवा बापाला. तुम्ही साफ नाही म्हणायच्या. एप्रन आपल्यालाच पुरत नाहीत, आणि एकाला सोडलं की दारात सगळी भावकी, असं तुमचं उत्तर. दोन्ही वाद तसेच राहिले. मला वाटायचं, वेळ भरपूर आहे.

मग एके दिवशी सकाळी तुम्ही ड्यूटीवर आलात आणि तुमचा आवाज वेगळा लागला. नाकातून आल्यासारखा.  आरसा आणि बॅटरी घेतलीत, खिडकीशी जाऊन स्वतःचा घसा पाहिलात, आणि सरळ रिकाम्या खोलीत जाऊन आतून दार लावून घेतलंत. कुठून आलं, कुणाकडून, ते कळलं नाही. इतक्या पोरांची खोकणी झेलली, त्यातलं एखादं फडक्याच्या कडेनं गेलं असेल. मी धावत आले तर तुम्ही खिडकीत उभ्या राहून मला हुकूम देत होता. डॉक्टरांना बोलव. सीरम आहे का बघ. सखूबाईच्या पोराला आज वॉर्डात येऊ देऊ नको. "आणि विमल, आजपासून वॉर्ड तुझा. माझ्या आईला कळवायचं नाही. कळलंच, तर आत सोडायचं नाही. तू वाद घालशील म्हणून आधीच सांगते."

सीरम दिलं, पेनिसिलीन सुरू झालं. पापुद्रा सुटत गेला, सूज उतरली. तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या माझ्या चुका काढायला लागलात, तेव्हा मी सखूबाईला म्हटलं, आता बऱ्या होतायत. बादलीतलं पाणी गढूळ आहे, कोपऱ्यात जाळं आहे, तुझ्या एप्रनची गाठ सुटलीय. मी खोटं खोटं चिडत होते आणि मनातून नाचत होते. पण डॉक्टर तुमची नाडी धरून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहायला लागले. बाहेर येऊन म्हणाले, घसा सुटला, पण रोगाच्या विषानं हृदय धरलंय. उठायचं नाही, बसायचंसुद्धा नाही. आणि घशाचा नमुना अजून स्वच्छ येत नव्हता, त्यामुळे दार बंदच राहिलं.

तुमच्या गावी, कोल्हारला, कुणीतरी बातमी पोहोचवलीच. तुमची आई एसटीनं आली. केवढीशी आहे हो तुमची आई, तुमच्या खांद्याएवढीही नाही. तुम्ही तिला खिडकीतून पाहिलंत आणि हात हलवून, उसनं हसून म्हणालात, "बरी हाय मी. तू जा घरी." इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून 'हाय' मी पहिल्यांदा ऐकलं. ती गेली नाही. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. मी तिच्यासमोर बसून सगळं समजावलं, तुमच्याच शब्दांत, रोग कसा असतो, कसा लागतो, दार का लावलंय. तिनं मान डोलावली. मला वाटलं, पटलं. मग ती म्हणाली, "बाय, खरं सांग. माज्या लेकीला तुमी शिवता का?"

मी म्हटलं, म्हणजे काय, रोज. अंग पुसते, केस विंचरते.

"मंग मला का न्हाई?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "आमी जलमभर असंच दाराभायेर उभं ऱ्हायलो. देव बदलला, किरिस्ताव झालो, पर गावानं पानवठा न्हाई बदलू दिला. वरून कुनी वतलं तरच पानी. ही शिकली, पांढरे कपडे घातले, मला वाटलं, ही तरी सुटली. आता तिलाच आत घातलं आन् दार लावलं. तू मोठ्या घरची दिसतीस. तूच सांग, ह्यात आन् त्यात काय फरक हाय."

अक्का, तुम्ही मला हे कधीच असं उघडून सांगितलं नव्हतं. चहाच्या वेळी एक वाक्य टाकलंत आणि मी त्याच्यावरून उडी मारून पुढे गेले. ते वरून ओतलेलं पाणी मी आमच्या दारात पाहिलेलं आहे, ओतणाऱ्यांच्या बाजूनं. मी तुमच्या आईला म्हटलं, मनाई तुमच्या लेकीनंच केलीय, तुम्हाला काही होऊ नये म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा विश्वास बसला नाही. का बसावा? तिला दाराबाहेर ठेवणाऱ्यांनी आजवर तिच्या भल्याचीच कारणं सांगितली असतील.

मी डॉक्टरांकडे गेले. ते मला म्हणाले, "वॉर्ड आता तुमचा, मनाई तुमच्या सिस्टरची, तुम्हीच ठरवा." आणि मग हळूच म्हणाले, फार वेळ नाही असं धरून चाला.

मग मी तुमचा हुकूम मोडला. त्याची मला खंत नाही, हे तोंडावर सांगते. तुमच्या आईला नळावर नेलं, कोपरापर्यंत हात धुवायला शिकवलं, बोटांच्या बेचक्यांत साबण कसा फिरवायचा ते दाखवलं. लुगड्यावरून एप्रन घातला तर तो तिच्या पावलांवर लोळायला लागला, म्हणून कमरेशी दुमडून बांधला. मास्क बांधला. हात कुठे लावायचा, कुठे नाही, बाहेर आल्यावर आधी काय सोडायचं, सगळं सांगितलं. तिनं एकदाच ऐकलं आणि पुन्हा विचारलं नाही. मग मी दार उघडलं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चांगल्याच रागावला होता. "विमल, मी काय सांगितलं होतं," म्हणालात, आणि शब्द नाकातून येत होते म्हणून ते रागावणंसुद्धा नीट जमेना. मी म्हटलं, ऐकलं होतं. तुमची आई खाटेजवळ गेली आणि तिनं हात पुढे करून मधेच थांबवला. "शिवू का?" तिनं विचारलं. पोटच्या पोरीला विचारलं. तुम्ही डोळे मिटलेत. मग मान वळवून तोंड भिंतीकडे केलंत, तुमचा श्वास तिच्याकडे जाऊ नये म्हणून, आणि हात मात्र तिच्याकडे दिलात.

किती वेळ बसली होती ती, गावाकडचं सांगत. शेळी व्याली, दोन्ही पाटीच, एकही बोकड नाही. नदीला पाणी नाही. शेजारच्या सुनेचं सासूशी पटत नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड करून ऐकत होता, आणि एकदा तुमचा खांदा हलला, तो हसण्यानं की रडण्यानं ते मला दारातून कळलं नाही. मला तेव्हा तुम्हाला खूप काही सांगायचं होतं. की मला नर्स तुम्ही केलंत. की त्या पायरीवरच्या वादात तुमचं म्हणणं मला आत्ता कुठे समजायला लागलंय. पण ते आईचं बसणं होतं, मी मध्ये कशी बोलणार. उद्या बोलू, म्हटलं.

काल सकाळी तुम्ही गेलात. बंबातलं पाणी तापत होतं, मी तुमचं अंग पुसायला येतच होते. नाडी हाताला लागली आणि हरवली. मी हाक मारली तेव्हा तुमची आई एप्रन स्वतः बांधून, मास्क लावून दारात उभी होती. गाठ बरोबर मागे मारलेली. आम्ही दोघींनीच तुम्हाला अंघोळ घातली, अक्का, तिनं आणि मी. बाहेर आल्यावर तिनं सगळं सांगितलं त्या क्रमानं सोडलं, हात धुतले, आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्या घशाचा नमुना घेतला. निकाल येईपर्यंत तिला इथेच राहावं लागेल, कुणाच्या जवळ जाऊन चालणार नाही, म्हटलं. तिनं तोंड वळवलं. मला वाटलं, पुन्हा दुखावलं मी हिला. तुम्ही नाही, आता कोण समजावणार.

दुपारी कोल्हारची माणसं आली. तुमची पेटी झाकण लावून व्हरांड्यात ठेवली होती. तुमची धाकटी मावशी फाटकापासूनच हंबरडा फोडत, दोन्ही हात पसरून धावत आली. आपल्याकडे बायका अशा गळ्यात पडूनच रडतात, त्याशिवाय रडल्यासारखं वाटत नाही. मी मध्ये पडायला पुढे झाले, पण त्याआधीच तुमच्या आईनं हात वर केला.

"थांब तिथं," ती म्हणाली. "शिवू नको मला."

सगळ्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. तिच्या तोंडून तो शब्द त्यांनी कधी ऐकला नसेल. मावशीचे पसरलेले हात तसेच राहिले.

"तसं न्हाई गं," तुमची आई म्हणाली. "लेकीचा हात धरून बसले हुते मी. तिचा आजार माज्या घशात असंल, नसंल, डाक्टर सांगतील. तुज्या घरी लहान लेकरं हायेत. न्हाई निघाला की ये, मंग माज्या गळ्यात पड, लागंल तेवढी पड. आता तू तिथनं रड. मी हितनं रडते."

मावशी पायरीखाली, उन्हातच खाली बसली. तुमची आई वर भिंतीशी. आणि मग अक्का, दोघी बहिणी एकमेकींकडे बघत मोठमोठ्यानं रडल्या.